निजसुऱ्यांचे तिसरे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. पाच भावंडांतले तिसरे. माझे नाव ‘पाण्याखालचे गाव’, आणि ज्यांनी मला लिहिले त्यांचे नाव य. रा. निजसुरे. हे नाव तुमच्या कानावर आले नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या काळातही ते फार थोड्यांना ठाऊक होते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांतले बहुतेक लोक ‘मोठा विद्वान माणूस’ असे म्हणून पुस्तक परत आणून देत. मुरबाड तालुक्यातल्या एका घरात हे कसे बदलले, तेवढेच मला सांगायचे आहे. गोष्ट लहान आहे. माझ्याहून चांगली पुस्तके जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याजवळ मोठ्या गोष्टी असतील. पण माझी शिवण आता पुन्हा उसवली आहे, मागची चार पाने केव्हा गळतील याचा नेम नाही, म्हणून सांगून टाकते.

माझा जन्म १९३२ साली मुंबईला, गिरगावातल्या एका लहान छापखान्यात झाला. निजसुरे शाळेत गणित शिकवत आणि सुटीत शास्त्रीय कादंबऱ्या लिहीत. आज जे नाही पण उद्या असू शकेल, अशा गोष्टींच्या त्या कथा. त्यांचे पहिले पुस्तक ‘धूमकेतूचे गणित’. ते लिहायला त्यांना चार वर्षे लागली. मला त्यांनी मे महिन्याच्या सुटीत सतरा दिवसांत लिहिले, आणि त्याची त्यांना थोडी लाज वाटे. माझी पाने छापली जात असताना ते छत्री हातात धरून दाराशी उभे राहत. छपाईची अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवणाऱ्याला एकदा म्हणाले, “हे आपले सहज लिहिले आहे हो. पहिल्यासारखे नाही.”

खिळे जुळवणारा मान वर न करता म्हणाला, “पहिल्याच्या वेळी मला झोप यायची साहेब. याच्या पायी माझा डबा तसाच राहिला.”

निजसुऱ्यांना वाटले, हा आपले मन राखतो आहे.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. त्या छापखान्यात पुस्तकाच्या कडा कापायचे यंत्र नव्हते. मोठ्या कागदावर सोळा पाने छापायची, कागदाच्या घड्या घालायच्या आणि तशाच शिवायच्या. त्यामुळे आम्हा भावंडांची पाने वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली असत. वाचणाऱ्याने हातात चाकू घ्यायचा आणि एकेक घडी सोडवीत पुढे जायचे. शहरातल्या वाचकांना हे ठाऊक होते. खेड्यात कोणाला ठाऊक असणार?

पुढे दोन वर्षांनी, पौषात, मी म्हशाच्या जत्रेत गोणपाटावर पडले होते. माझी भावंडे कुठे गेली होती मला माहीत नव्हते. माझ्या एका बाजूला पोथ्या होत्या, दुसऱ्या बाजूला देवांच्या तसबिरी, आणि समोर नजर पोहोचेल तिथवर बैलांचे पाय. कोणी मला उचलत नव्हते. तेवढ्यात एक किडकिडीत तरुण वाकला. लोकल बोर्डाच्या शाळेतले हे देवराम मास्तर. त्यांनी माझे पहिले पान उघडले. त्यावरचे पहिले वाक्य असे आहे : ‘सकाळी उठून यमूने खिडकी उघडली नाही, कारण खिडकीबाहेर समुद्र होता.’

देवराम मास्तर तिथेच उकिडवे बसले.

त्यांचे काका बैल घ्यायला आले होते. ते शोधत शोधत आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “देवराम, बैलाचं दात बगाया आनला तुला, नि तू कागद बगत बसलास व्हय?”

“बैल चांगला हाय काका,” देवराम मास्तर म्हणाले.

“कुठला बैल? अजून दावला कुठं तुला?”

परतताना बैलगाडीत बसून त्यांनी लेखणी तासायच्या चाकूने माझ्या घड्या सोडवल्या आणि दिवस मावळेपर्यंत मला वाचले. मधेच ते एकटे हसत. काकांनी दोनदा वळून पाहिले आणि नंतर पाहणे सोडून दिले. मित्रांनो, पुस्तकाच्या आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत. माझा तो पहिला.

मास्तरांनी प्रकाशकाला पत्र घातले आणि माझी चारही भावंडे टपालाने मागवली. मुरबाडहून टपाल वाटायला येणारा अनंता ते पुडके डोक्यावर घेऊन आला. दुसरे पुस्तक ‘दोन सूर्यांचा देश’, चौथे ‘आठ दिवसांचे वर्ष’, पाचवे ‘मंगळावरचे टपाल’. ही तिन्ही मास्तरांनी महिन्याभरात वाचून संपवली. पहिले मात्र त्यांच्याने वाचवेना.

माझ्या थोरल्या भावंडाबद्दल मला वाईट बोलायचे नाही. पण त्याच्या सुरुवातीला एक प्रोफेसर खुर्चीवर बसून धूमकेतूचा मार्ग काढत असतात, आणि दीडशे पानांपर्यंत ते खुर्चीवरून उठत नाहीत. पानापानांवर आकड्यांचे रकाने आहेत. मास्तरांनी ते तीनदा हाती घेतले. तिन्ही वेळा ते बत्तिसाव्या पानावर थांबले. त्यापुढच्या घड्या त्यांनी सोडवल्याच नाहीत. त्यांना वाटले, दोष आपल्या डोक्याचा आहे. एवढ्या मोठ्या माणसाने चार वर्षे घालून लिहिलेले पुस्तक आपल्याला कळत नाही, ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. आमच्या पाचही जणांवर तांबडा कागद चढवून, क्रमाने आकडे घालून, त्यांनी आम्हाला फळीवर मांडून ठेवले.

गावात त्यांच्याइतके वाचणारे कोणी नव्हते. श्रावणात पाटलांच्या ओटीवर पोथी लावायची ती मास्तरांनीच. त्यामुळे कोणाला वाचावेसे वाटले की तो यांच्याकडे येई. आणि प्रत्येक जण विचारी, “या निजसुऱ्यांचं आदी कुठलं वाचू?”

मास्तर क्षणभर माझ्याकडे पाहत. त्यांचा हात माझ्या दिशेने निघेसुद्धा. मग त्यांच्या मनात येई, लेखकाने स्वतः आकडे घातले आहेत, ते मोडणारे आपण कोण? आणि हात पहिल्याकडे जाई. “पहिल्यापासून धरा,” ते सांगत.

अनंताने पहिले नेले आणि नऊ दिवसांनी परत आणले. “मास्तर, मानूस इद्वान हाय तुमचा,” तो म्हणाला. “आपल्याला झेपत नाय. रोज एक पान वाचतो नि रोज त्याच पानावर झोपतो.”

असे पुष्कळ झाले. तलाठी झाले, विठू पाटलांचा जावई झाला. पहिल्या पुस्तकाचे सुरुवातीचे कोपरे हळदीने, तेलाने, तपकिरीने मळत गेले, आणि आम्ही चौघे तांबड्या कागदात कोरे राहिलो. मला कोणाचा राग नव्हता. पण फळीवर बसून राहणे सोपे नसते. पावसाळ्यात अंग ओलसर होई, उन्हाळ्यात पाठ आखडे, आणि प्रत्येक नव्या माणसाचा हात माझ्या कडेवरून पुढे निघून जाई.

१९३६ साली मास्तरांचे लग्न झाले. भागीरथी शहापूर तालुक्यातली, आटगावाजवळच्या एका पाड्यावरची. तिला अक्षरओळख नव्हती. घरात तिसरी होती मास्तरांची आई, धोंडूबाई. तीही निरक्षर, पण जन्मभर पोथ्या ऐकलेली, आणि त्यामुळे पोथीचे सगळे कायदे तिच्या तोंडी.

मास्तर दिवसभर फार बोलत नसत. संध्याकाळी दिवा लागला की मला घेऊन बसत आणि वाचता वाचता हसत. भागीरथी चुलीपाशी बसून ते बघे. एक दिवस तिने विचारले, “अवो, येवडं हसन्यासारकं काय हाय त्यात?”

मास्तर सांगू लागले. पण हसू सांगून समजत नाही. त्यांचे बोलणे अडखळले, तिचेही तोंड उतरले. जरा वेळाने ती म्हणाली, “मला शिकवाल? मी सोताच बगते.”

दोन वर्षे तिने पाटी गिरवली. भात लावताना चिखलात बोटाने अक्षरे काढी, शेजारणी चेष्टा करत. “मास्तरीन व्हनार गो आमची भागी,” जना म्हणे. “मंग आमाला छड्या मारशील.” भागीरथी म्हणे, “तुला पयली मारीन.” दुकानातून आलेल्या पुड्यांचे कागद ती वाचून मग चुलीत टाकी. १९३८ च्या ज्येष्ठात ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आता तुमचा तो मानूस द्या वाचायला.”

मित्रांनो, मी फळीवर अगदी श्वास रोखून बसले. मास्तरांचा हात माझ्याकडे आला, माझ्या पाठीला त्यांचे बोट लागले, आणि पुढे गेला. त्यांनी तिच्या हातात पहिले पुस्तक ठेवले.

भागीरथीला पुस्तक म्हणजे पोथी एवढेच माहीत होते. ती आंघोळ करून पाटावर बसे, दिवा लावी, पुस्तकाला हात जोडी आणि अर्धे पान वाचे. ‘कक्षा’, ‘अंशात्मक विचलन’ असे शब्द बोट ठेवून एकेक अक्षर जुळवून वाचे. अर्थ लागत नसे. धोंडूबाई भिंतीला टेकून ऐके आणि धीर देई, “पडू दे कानावर. पोथी काय पयल्या खेपेला कळते व्हय? कळतं मागनं.”

मास्तर बाहेर ओटीवर बसून हे ऐकत. त्यांचे मन त्यांना खाई. पण बोलायला तोंड उघडत नसे.

श्रावण लागला तेव्हा भागीरथी बत्तिसाव्या पानावर पोहोचली. गावात तिथवर पोहोचलेली मास्तरांखेरीज ती एकटीच. तिने पान उलटले आणि पुढची पाने उघडेनात. वरच्या बाजूने ती एकमेकांना धरून होती. तिने आत डोकावून पाहिले. आत अक्षरे होती, पण बंद. तिने पुस्तकाच्या शेवटापर्यंत बोट फिरवले. सगळी बंद.

“आत्याबाय,” तिने सासूला हाक मारली, “हितनं म्होरं पोथी मिटलेली हाय.”

धोंडूबाईने पुस्तक डोळ्यांजवळ धरले, पाने चाचपली आणि गंभीरपणे म्हणाली, “आसतं तसं. सगळं सगळ्यांनी वाचायचं नसतं. बायामान्सांना हितवरच.”

“मंग यांनी कसं वाचलं? यांनी तर समदी वाचल्यात.”

“तो मास्तर हाय,” धोंडूबाई म्हणाली, आणि मग तिच्या स्वतःच्याच बोलण्याने तिचा चेहरा उजळला. “माजा देवराम मिटलेलं वाचतो गो.”

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ही बातमी झाली. भागीरथीने मात्र पुस्तक धुतलेल्या फडक्यात बांधले, त्यावर आपली पाटी ठेवली आणि दोन्ही वस्तू नवऱ्यासमोर आणून ठेवल्या.

“हे घ्या,” ती म्हणाली. रागावलेली नव्हती, म्हणून ऐकायला अधिकच वाईट वाटले. “जेवडं आपल्या वाटचं व्हतं तेवडं वाचलं. म्होरलं तुमच्यासारक्यांचं. पाटी शाळंत कुना पोरीला द्या.”

“अगो, पण...”

“न्हाय वो. दोन वर्सं तुमी शिकवलीत, लय झालं. माज्या डोक्याचं काम नव्हं ते. उगाच हौस केली.”

ती भांडी घासायला गेली. मास्तर पाटीकडे पाहत बसले. त्यांनी फक्त गप्प बसायचे होते. गप्प बसले असते तर त्यांचा मान गावात होता त्याहून वाढला असता, आणि भागीरथीने पुन्हा कधी अक्षर वाचले नसते. मी त्यांना चार वर्षे ओळखत होते. त्यांना गप्प बसण्याची किती सवय आहे ते मला ठाऊक होते. म्हणून मला भीती वाटली.

तीन दिवस ते गप्प राहिले. चौथ्या दिवशी दुपारी अनंता आला. अंगावर घोंगडी, खांद्याला पिशवी, आणि हातात एक भिजलेले पाकीट. ओटीवर धोंडूबाई सुपात तांदूळ निवडत होती, भागीरथी आत चुलीपाशी होती.

“मास्तर, अडचन झाली,” अनंता म्हणाला. “पावसानं वरला पत्ता पार धुतला. कुनाचं पत्र हाय कळंना. फोडायचा मला हुकूम नाय. तुमी मिटलेलं वाचता म्हनं. जरा बगा न फोडता, कुनाला लिवलंय.”

तो चेष्टा करत नव्हता. निदान पूर्णपणे नव्हता. धोंडूबाई सूप खाली ठेवून ताठ बसली. “दे त्याच्या हातात,” ती म्हणाली. “सांगल तो.”

मास्तरांनी पाकीट हातात घेतले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पाकीट उलटे केले, सुलटे केले, आणि अनंताला परत दिले.

“मला मिटलेलं वाचता येत नाय, अनंता,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की धोंडूबाईने “काय म्हनला?” असे विचारले. त्यांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले. मग बांध फुटल्यासारखे ते उठून आत आले, पहिले पुस्तक घेऊन चुलीपाशी बायकोसमोर बसले आणि म्हणाले, “भागी, हे मी वाचलेलं नाय.”

ती फुंकणी हातात धरून बघत राहिली.

“बत्तीस पानं वाचली. तीनदा. म्होरं मला बी जमलं नाय. पानं कुनी बंद केलेली नायत, छापखान्यात तशीच येतात. चाकूनं कापायची असतात. मी कापली नायत, कारन मी वाचलीच नायत.”

“मंग लोकांना का देता?”

“पहिलं हाय म्हनून.”

“नि मला?”

बाहेरून अनंता म्हणाला, “मास्तर, मंग मी नऊ दिस कशापायी झोपलो?” आणि भागीरथी हसली. नवऱ्याचे पडलेले तोंड पाहून तिने हसू आवरायचा प्रयत्न केला, ते आवरेना. पदर तोंडावर धरून ती इतकी हसली की चूल विझली. आपल्या डोक्यात काही खोट नाही, हे कळल्यावर माणूस असा हसतो.

“तुमी सोता आदी कुठलं वाचलंत?” तिने डोळे पुसत विचारले.

मास्तर उठले. या वेळी त्यांचा हात माझ्याजवळ थांबला, त्याने मला बाहेर काढले आणि तिच्या ओल्या हातात दिले.

पण एक अडचण होती. भागीरथी मला उघडेना. “पोथी अर्धी टाकून दुसरीला हात लावायचा नाय,” ती म्हणाली. “दोष लागतो.” मास्तर पुन्हा गोंधळले. हे पुस्तक पोथी नाही असे सांगून ती ऐकणारी नव्हती.

धोंडूबाई दारात येऊन उभी होती. मिटलेली पाने वाचणारा मुलगा गेला, याचे दुःख तिच्या तोंडावर दिसत होते. पण कायदा विचारला की ती गप्प बसणारी नव्हती. “भागी,” ती म्हणाली, “पोथी लावताना नारळ ठेवला व्हतास?”

“नाय.”

“सुपारी?”

“नाय.”

“मंग लावलीच कुठं तू पोथी? न लावलेली पोथी अर्धी कशी ऱ्हाईल? वाच तुला पायजे ती.” आणि मुलाकडे न बघता पुढे म्हणाली, “नि तू उंद्यापास्नं मला सांगत जा, काय वाचलंस नि काय नाय. उगाच पानवठ्यावर तोंड काडायला जागा ठेवली नायस.”

त्या पत्राचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. अनंताने ते मुरबाडच्या पोस्टमास्तरांना दिले. पुढचे मला माहीत नाही.

भागीरथीने माझे पहिले वाक्य बोट ठेवून वाचले. मग पुन्हा वाचले. समुद्राच्या तळाशी काचेच्या घुमटाखाली वसलेले गाव, तिथली यमू, तिच्या खिडकीशी येऊन तोंड हलवणारा मासा. ती अकराव्या पानापर्यंत आली. यमू भाकऱ्या थापते आहे, असे तिथे आहे. भागीरथी थांबली.

“अवो, धूर कुठं जातो?”

“कसला धूर?”

“चूल पेटवली म्हंजे धूर व्हनार. वर काच, काचंवर पानी. मंग धूर जातो कुठं?”

मास्तरांनी मला सात वेळा वाचले होते. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. दोघांनी मिळून माझी शेवटपर्यंतची पाने धुंडाळली. धुराचा उल्लेख कुठे नव्हता. शेवटी मास्तरांनी निजसुऱ्यांना पोस्टकार्ड टाकले. महिन्याने उत्तर आले. निजसुऱ्यांनी बारीक, नीटनेटक्या अक्षरांत लिहिले होते : ‘आपल्या पत्नीचा प्रश्न योग्य आहे. धुराचा मला विसर पडला. स्वयंपाकघरात माझे जाणे क्वचितच होते, त्याचा हा परिणाम. पुढील आवृत्तीत धुरासाठी नळी दाखवीन.’

पुढची आवृत्ती निघाली नाही. म्हणून भागीरथीने माझ्या अकराव्या पानाच्या कडेला स्वतःच दौत-टाकाने लिहिले : ‘धूर नळीतून वर जातो.’ अक्षर वेडेवाकडे आहे, पण माझ्या अंगावर छापलेल्या सगळ्या ओळींहून मला ती ओळ प्रिय आहे.

त्यानंतर घरात नवा रिवाज पडला. कोणी पुस्तक मागायला आले की मास्तर भागीरथीला हाक मारीत. ती आलेल्या माणसाला आधी दोन प्रश्न विचारी आणि मग फळीकडे जाई. अनंताला तिने ‘मंगळावरचे टपाल’ दिले. पृथ्वीवरून मंगळावर पत्रे नेणाऱ्याची ती कथा. अनंताने एकाच रविवारी ती वाचून काढली आणि सोमवारी येऊन तक्रार केली की त्या माणसाला चालण्याचा भत्ता मिळत नाही, हे खोटे आहे. धोंडूबाईला तिने ‘आठ दिवसांचे वर्ष’ वाचून दाखवले. आठ दिवसांत पेरणी, आठ दिवसांत कापणी, आठ दिवसांत म्हातारपण. धोंडूबाई शेवटी एवढेच म्हणाली, “तसंच झालं की माजं.” लग्न होऊन खर्डीला निघालेल्या गावातल्या सावळीला तिने मला दिले. नव्या घराची खिडकी उघडायची भीती वाटणारीला मीच बरे, असे ती म्हणाली. सहा महिन्यांनी सावळी माहेरपणाला आली तेव्हा मी परत आले. माझ्या कोपऱ्याला कुंकू लागले होते.

चारही पुस्तके वाचून झाल्यावर, १९४१ च्या उन्हाळ्यात, भागीरथी चाकू घेऊन पहिल्याकडे वळली. “आता मानूस वळखीचा झालाय,” ती म्हणाली. “आता तो प्रोफेसर खुर्चीत का बसून ऱ्हातो ते बगू.” एकेक घडी सोडवीत ती मोठ्याने वाचत गेली आणि मास्तर ऐकत गेले. दीडशेव्या पानावर कळले की प्रोफेसरांची आई त्यांच्या लहानपणी धूमकेतू दाखवायला त्यांना अंगणात घेऊन गेली होती, आणि तो परत केव्हा येईल एवढेच त्यांना काढायचे होते. भागीरथीने चाकू खाली ठेवला. माझ्या थोरल्या भावंडाला त्या दिवशी प्रथमच कोणी पुरते वाचले. त्याच्याबद्दल मी मनात जे आणले होते, त्याची मला लाज वाटली.

लढाईच्या दिवसांत कागद मिळेनासा झाला. १९४४ साली निजसुरे वारले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात पुस्तकांचा उल्लेख नव्हता. मास्तरांची बदली खर्डीला झाली, आणि सामानाच्या धांदलीत आम्ही पाचही जण दीड वर्ष माळ्यावर भाताच्या कणगीमागे पडून राहिलो. वाळवीने दुसऱ्या पुस्तकाचे मागचे आवरण खाल्ले. माझी शिवण तेव्हाच सुटली. त्या दिवसांबद्दल मी कोणाला दोष देत नाही. घरात धोंडूबाईचे दुखणे होते, आणि मग ती नव्हती.

भागीरथीने आम्हाला खाली काढले तेव्हा तिने आम्हाला कोवळ्या उन्हात पसरले, कडुनिंबाचा पाला घातला आणि मला सुईदोऱ्याने शिवले. टाके गोधडीचे आहेत, ते तुम्हाला दिसतील.

१९४७ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मास्तरांनी दुसऱ्या एका शास्त्रीय लेखकाची सहा पुस्तके मागवली होती. पुडके आले. दुपारची वेळ, शाळा सुटलेली. मास्तरांनी सुतळी सोडली, सहा पुस्तके चटईवर मांडली आणि बायकोला हाक मारली. केस पिकायला लागलेला तो माणूस तिच्याकडे तसाच बघत होता, जसे लोक एके काळी त्याच्याकडे बघत.

“यांचं कुठनं धरू गो?”

भागीरथीने हात पुसले. खाली बसून तिने सहाही पुस्तकांवरून नजर फिरवली, एक उचलले, ठेवले, दुसरे उचलले.

“मला काय ठाव?” ती म्हणाली. “मी अजून वाचलीत कुठं?”

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. आमची काळजी घ्या, आम्हाला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कोपरे दुमडू नका. हे सगळी पुस्तके सांगतात, मीही सांगते. पण कोणी तुमच्याकडे येऊन ‘आधी कुठले वाचू?’ असे विचारले, तर आकडा पाहून हात पुढे करू नका. त्या माणसाकडे नीट पाहा. ज्याने तुम्हाला हसवले, रडवले, ते पुस्तक त्याच्या हातात ठेवा, मग ते तिसरे असो की तेरावे. आणि वाचले नसेल, तर वाचले नाही म्हणून सांगा. त्याने मान जात नाही. मी ते पाहिले आहे.

भागीरथीने मग एक पुस्तक मांडीवर घेतले, भिंतीला पाठ टेकली आणि नवऱ्याला म्हणाली, “चा ठेवा चुलीवर. मी वाचते, मंग सांगते.”

मास्तर चहा ठेवायला उठले.